मधला पापुद्रा

पाण्यात तेलाचे दोन थेंब भेटले की लगेच एक होतात असं लोकांना वाटतं. आमटीवरचा तवंग बघून केलेलं मत आहे ते. खरं म्हणजे ते जवळ येतात, टेकतात, टेकल्या जागी जरासे चपटे होतात आणि तसेच थांबून राहतात. मध्ये पाण्याचा एक पापुद्रा अडकलेला असतो. तो हळूहळू कडेनं निसटत जातो, पातळ होतो, फाटतो आणि मग कुठे दोघांचा एक थेंब होतो. पापुद्रा गेला नाही तर कितीही जवळ आणा, दोनाचे दोनच राहतात.

हे मी हौसेनं शिकलेले नाही, पोटासाठी शिकले. मी मंदाकिनी खांबेटे, वय पासष्ट. मानपाड्याच्या बाजूला एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली. कापडाला मऊपणा आणायला लागतं ते इमल्शन आम्ही बनवायचो. म्हणजे पाण्यात तेलाचे बारीक बारीक थेंब, दिसायला दूध. त्या थेंबांना एकमेकांत मिसळू द्यायचं नाही, एवढंच आमचं काम. त्यासाठी साबणाच्या जातीचं रसायन घालायचं. ते थेंबाभोवती बसतं आणि मधला पापुद्रा फाटू देत नाही. थेंब मिसळले, तेल वर आलं की बॅच फेल, आणि मॅनेजर माझ्या टेबलाशी हजर. थेंबांना वेगळं ठेवण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, हे मीच सांगते, कारण सांगायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

आनंद गेले त्याला सहा वर्षं झाली. केदार, आमचा मुलगा, कॅनडात असतो. रविवारी फोन करतो, फोनमध्ये त्याचं कपाळच तेवढं दिसतं, आणि 'बाकी काय' तीनदा विचारून झालं की ठेवतो. डोंबिवली पूर्वेला माझं तळमजल्यावरचं घर. सकाळी दाराला दुधाची पिशवी, दुपारी कुरियरवाला, तोही शेजारच्यांचा. मधल्या वेळात तोंड उघडायचं काम नाही, आणि मी तर जन्माची बोलकी. भांडायला सुद्धा माणूस लागतं हो. क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मुलींचे फोन येतात, त्यांचं मी सगळं ऐकून घेते, वर नाव-गाव विचारते. हल्ली त्याच घाईनं फोन ठेवतात. खोटं कशाला बोलू, फार एकटं वाटतं.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर नीलाचा फोन आला. नीला कारखान्यात माझ्या हाताखाली ट्रेनी होती, माझी बोलणी खाऊन तीन वर्षांत पळाली आणि आता ठाण्याला कॉलेजात प्राध्यापक आहे. म्हणाली, "मॅडम, माझी एक पीएचडीची मुलगी आहे. थेंबांवरच काम करते. पण कॉलेजसमोर रस्त्यात खांब ठोकताहेत, टेबल हादरतं, थेंब थरथरतात. तुमची मागची खोली शांत आहे ना?"

खोली शांतच होती. केदारची खोली, शांततेशिवाय तिच्यात होतं काय? मी हो म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी दक्षता आली. रिक्षातून उतरली तेव्हा काचेची टाकी चादरीत गुंडाळून तान्ह्या मुलासारखी मांडीवर घेतलेली. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली मुलगी, सव्वीस वर्षांची, काटकुळी. आई भागीरथी मासळी विकते. बाबांची, चंदू नाखवांची, खाडीत होडी आहे. "होडी आहे काकू, खाडीत मासा नाहीये," असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि स्वतःच हसली. मला आवडली.

केदारच्या अभ्यासाच्या टेबलावर तिनं कडाप्पा ठेवला, कडाप्प्यावर टाकी. टाकीत पाणी. खालून दोन वाकड्या सुया वर आलेल्या, दोन्हींच्या टोकांवर तेलाचा एकेक थेंब, मोहरीपेक्षा जरा मोठा. बाजूचा स्क्रू फिरवला की एक थेंब दुसऱ्याकडे सरकायचा आणि टेकायचा. टेकल्यापासून मिसळेपर्यंत किती सेकंद लागले ते कॅमेरा टिपायचा. स्वच्छ पाण्यात चार-पाच सेकंद लागायला हवेत. अशा साठ जोड्या तिला हव्या होत्या.

कॅमेरा वेळ आपोआप टिपतो. तरी तिनं मला एक स्टॉपवॉच दिलं. "काकू, तुम्ही पण घ्या ना वेळ, मला खात्री होईल." मी काय कुक्कुलं बाळ आहे? पोरीनं मला काम दिलं होतं, मला कळलं होतं. मी वही घातली आणि रोज दहाच्या ठोक्याला चष्मा पुसून बसायला लागले.

थेंब मात्र मिसळेनात. टेकायचे, चपटे व्हायचे आणि राहायचे. एक मिनिट, पाच मिनिटं. आम्ही चहा करून, पिऊन, कप विसळून यायचो तरी दोघं तसेच. मग ती स्क्रू उलटा फिरवायची आणि दोन्ही थेंब जसे आलेले तसे परत. माझ्या वहीत रोज तेच: टेकले, नाही मिसळले. ती सुया बदलायची, तेल बदलायची, पाणी बदलायची, नीलाला फोन करायची. मला तिच्याबद्दल वाईट वाटायचं आणि पोटातून बरंही वाटायचं. मिसळले असते तर साठ जोड्यांना कितीसे दिवस? आठ, दहा. असे दोन महिने गेले.

दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. तिच्या डब्यात बोंबील असायचे, कधी कोलंबी. पहिल्या दिवशी ती डबा घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसली, तर मीच ओरडले, "अगं आत बस, मी काही त्यातली नव्हे." आमच्या घरात मासळी कधी आली नव्हती. माझा मला केवढा अभिमान वाटला सांगू. सात जन्मांचं पुण्य पदरात पडल्यासारखी मी त्या दिवशी मिरवत होते, आणि समोर बघणारं कोण, तर तीच.

आता रिठ्याचं सांगते. दक्षतानं घरात एकच नियम घातला होता: काचेला हात लावू नका काकू, मी धुवेन. पण टाकीत पाणी ओतायचा एक मोठा बीकर होता. आमच्याकडे टँकरचं पाणी, काचेवर पांढरे डाग धरतात. मला डाग बघवत नाहीत. सकाळी ती यायच्या आधी मी पूजेची भांडी रिठ्याच्या पाण्यात घासते, सासूबाईंपासूनची पद्धत आहे. त्यातच तो बीकर घासायचे, धुवायचे आणि शेवटी पुन्हा एकदा पातळ रिठ्याच्या पाण्यातून काढायचे. तसा काढला की पाणी सरसर निथळतं आणि एक डाग राहत नाही. ती आली की तो बीकर लखलखत असायचा. तिला वाटायचं, काल आपणच चांगला धुतला. साबणाचा थेंब मी त्या खोलीजवळ फिरकू दिला नव्हता. रिठा म्हणजे देवाचं, शुद्ध.

नोव्हेंबरात मला ताप आला. दोन दिवस पूजा नाही, भांडी नाहीत, काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पांघरूण घेऊन पडलेली, आणि दक्षता दारात येऊन उभी राहिली. "काकू, मिसळले." आवाज एकदम बारीक. मी तशीच उठून गेले. स्क्रीनवर दोन थेंब टेकलेले होते. मी मनात मोजत होते. पाचाला मधली रेघ मोडली, दोघं एकमेकांत शिरले, एकदा डुचमळले आणि एकच गोल थेंब उरला. एकतीस वर्षं जे होऊ दिलं नाही ते मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघितलं. मला रडू आलं, तापामुळे असेल. त्या दिवशी सात जोड्या मिसळल्या. "असंच चाललं तर पंधरा दिवसांत सामान हलवते काकू, तुमची खोली मोकळी," ती म्हणाली. तिला वाटलं मला आनंद होईल.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मी आंघोळ केली, पूजा केली आणि पोरीचं चाललंय चांगलं म्हणून बीकर नेहमीपेक्षा निगुतीनं घासला. त्या दिवशी एकही जोडी मिसळली नाही.

ती कपाळाला हात लावून बसली. मी बीकर उचलून मोरीत नेला, थोडं पाणी घातलं आणि हलवला. कारखान्यात आम्ही असंच बघायचो. कडेला बारीक फेसाचं कडं उभं राहिलं आणि जाईना. रिठ्याला फेस येतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. फेस म्हणजे साबणच. साबण देवाच्या भांड्यांना लागला म्हणून तो साबण नव्हे, असं माझ्या डोक्यात बसलेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी एकटीच मोरीत उभी होते आणि मला सगळं कळलं होतं.

बाहेर आले तर दक्षतानं विचारलं, "त्या दिवशी काय वेगळं होतं काकू? आठवा ना. काहीतरी वेगळं असणार."

सांगायला एक वाक्य लागलं असतं. पण मला पंधरा दिवसांनंतरची खोली दिसली. कडाप्पा नाही, टाकी नाही, दहा वाजता कोणी नाही. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "त्या दोन दिवसांत तुझी आई उरणला लग्नाला गेलेली ना? घरी मासळी नव्हती. सकाळी मासे साफ करून येतेस, हाताला तेल राहतं गं. पाण्यात उतरत असेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग स्वतःचे हात बघितले. "हातमोजे घालते मी काकू."

"तरी," मी म्हटलं. "वास येतो ना, म्हणजे काहीतरी असतंच."

ती उठली आणि बेसिनवर जाऊन हात धुतले. साबण लावून, एकदा, दोनदा, तीनदा, मनगटाच्या वरपर्यंत. नळाचा आवाज मी बाहेर ऐकत होते. दुसऱ्या दिवशी डब्यात दुधीची भाजी होती.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं आनंद म्हणायचे. हा तीळ मी नऊ दिवस तोंडात ठेवला. रोज सकाळी बीकर रिठ्यातून काढला, कळून सवरून. रोज ती आली, रोज तीनदा हात धुतले, आणि रोज मी वहीत लिहिलं: टेकले, नाही मिसळले. दुपारी आम्ही दुधी, पडवळ, कोबी खाल्ला. माझ्याशी ती पहिल्यासारखीच बोलायची, फक्त पोळी वाढून घेताना हात लांब ठेवायची. ते मला दिसायचं.

दहाव्या दिवशी नीलाचा फोन आला. डिसेंबर संपेपर्यंत आकडे आले नाहीत तर विषय बदलायचा. दोन वर्षं पाण्यात. फोन ठेवून दक्षता केदारच्या पलंगावर बसली. रडली नाही. हात मांडीवर उलटे पडलेले, आणि मी ते हात बघितले. बोटांची पेरं साबणानं सोलून लाल झालेली, दोन ठिकाणी भेगा.

मी म्हटलं, "दक्षता, मला आत्ता लक्षात आलं बघ. तो बीकर मी रिठ्यात घासते."

'आत्ता' म्हटलं मी. तेवढी लबाडी ठेवलीच.

ती उठली, बीकर घेतला, पाणी घालून हलवला, फेस बघितला. "ठीक आहे काकू," म्हणाली. "कोणाकडूनही होतं." हाताचं काही बोलली नाही. मासळीचंही नाही. मीही तो विषय काढला नाही. वाटलं, रिठा सापडला म्हणजे ते आपोआप मिटलं. सोयीचं असलं की माणसाला कसं भराभर वाटतं.

पुढच्या अकरा दिवसांत साठ जोड्या झाल्या. चार सेकंद, पाच, चार. मी स्टॉपवॉच दाबत होते. शेवटच्या दिवशी ती पाया पडली, टाकी चादरीत गुंडाळली आणि रिक्षात बसली. स्टॉपवॉच मी परत दिलं तर म्हणाली, "असू द्या तुमच्याकडे." ते अजून टेबलावर आहे. मोजायला काही नाही.

जानेवारी गेला. तिचा संक्रांतीला एक मेसेज आला, तिळगुळाच्या चित्राचा, सगळ्यांना जातो तसा. फेब्रुवारीत ओट्याखालचं आवरताना तिचा डबा सापडला. स्टीलचा, झाकणावर कोरलेलं: भागीरथी चं. नाखवा. डबा रिकामा परत देऊ नये म्हणून मी बेसनाचे लाडू केले. कारण सापडलं म्हणून मला किती बरं वाटलं, ते मी कोणाला सांगणार? रविवारी बसनं ठाण्याला गेले आणि कोळीवाड्यात विचारत विचारत घर काढलं.

भागीरथीबाई दारातच बोंबील निवडत बसलेल्या. मी नाव सांगितल्यावर लगबगीनं उठल्या, मला खुर्ची दिली. "दक्षताच्या काकू ना तुमी? बसा बाय. लय नाव घेते ती तुमचा. काकूंचा घर कसा आरशासारखा, म्हनते. येलच आता, दुकानात गेलीय."

मी डबा दिला. लाडू बघून त्या हसल्या. मग पाटावर बसत म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या, एक इचारू? पोरीनं नेम धरला पीएचडीसाठी. म्हावरा सोडला. मी बोलली, धर बाय, काम होऊ दे. आता काम झाला, आकडे आले, तरी खात नाय. साफ करायला हात लावत नाय. आपला ताट येगला ठेवते. एवढी पोर लहानपनी कच्चा जवला खायची पाटीतला. नेम फेडाया काय करावा लागतं, तुमी तरी सांगा तिला. तुमचा ऐकेल ती."

नेम म्हणाली ही मुलगी. आईला नेम म्हणून सांगितलं, माझं नाव घेतलं नाही, वर घराचं कौतुक केलं.

तेवढ्यात दक्षता आली. मला बघून क्षणभर थबकली, मग "काकू, तुम्ही?" म्हणाली, नेहमीसारखं. आई म्हणाली, "काकूना पानी दे."

ती मोरीत गेली. मला बसल्या जागेवरून दिसत होतं. तिनं साबण घेतला, हात धुतले. पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा लावला, मनगटाच्या वरपर्यंत चोळला. मग टॉवेलला हात पुसले, मग ग्लास घेतला.

"ही एक नवीन सवय बगा," भागीरथीबाई म्हणाल्या. "कोन पावना आला की ह्या."

दक्षतानं ग्लास पुढे केला, तळाशी दोन बोटांनी धरून, माझा हात लागणार नाही असा. मी घेतला. दोघीही माझ्याकडे बघत होत्या.

"भागीरथीबाई," मी म्हटलं, "नेम नव्हता तो. मी सांगितलं होतं तिला, तुझ्या हाताला मासळीचं तेल असतं म्हणून तुझं काम बिघडतं. खोटं होतं ते. बिघडवत मी होते, आणि तेव्हा मला माहीत होतं. काम संपलं की ही जाईल म्हणून."

भागीरथीबाईंनी लेकीकडे बघितलं. दक्षता खाली बघत होती. "आई, असू दे," ती हळूच म्हणाली, आणि टॉवेल घडी करून खिळ्याला लावला. भागीरथीबाईंनी पाटीतला पुढचा बोंबील उचलला आणि निवडायला लागल्या.

मी पाणी प्यायले, सगळं. ग्लास कुठे ठेवावा ते मला कळेना, आणि घ्यायला कोणी हात पुढे केला नाही, म्हणून तो हातात धरूनच बसले.